त्यांना म्हणावं, जिन्यावर एक आहे

ह्या गेममध्ये नव्याने येणाऱ्या माणसाला मी पहिली गोष्ट सांगतो ती अशी, की बाबा, नेम नसला तरी चालेल, तोंड पाहिजे. आपण चौघे, समोर चौघे. मेला तो त्या डावातून बाद. एका माणसाला एकाच बाजूचं दिसतं, म्हणून ज्याला जे दिसलं, जे ऐकू आलं, ते त्याने बाकीच्या तिघांना माईकवर तिथल्या तिथे सांगायचं. कुठे आहेत आणि किती आहेत, बस. "अरे देवा", "मेलो की रे", "लय बेकार मारलं" ही माहिती नव्हे, हे रडगाणं. ते मॅच संपल्यावर गावं.

पळता पळता गोळी मारू नये, ती ढगात जाते. एकट्याने शूर होऊ नये. ज्या कोपऱ्यातून एकदा डोकावलो तिथूनच पुन्हा डोकावू नये, कारण समोरचा आता तिथेच बंदूक रोखून बसलेला असतो. आणि अनोळखी पोरांनी माईकवर शिव्या दिल्या तर त्यांचा आवाज बंद करून टाकावा. वाद घालायचीच हौस असेल तर ग्रामपंचायत आहे.

हे सगळं मी माझ्या बायकोला शिकवलं. राजनंदिनी तिचं नाव, माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, लग्नाला आमच्या अजून वर्ष व्हायचंय. तिने माझा शब्दन् शब्द पाळला. तरी त्या रविवारी जे झालं ते झालंच.

आधी दादाचं सांगायला पाहिजे. कल्याणदादा माझा थोरला भाऊ आणि आमच्या टीमचा कॅप्टन. वडील गेल्यापासून घरातलं वडील माणूसही तोच. गेल्या हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि दादा खाली सापडला. मांडीचं हाड मोडलं, सळई बसवली, हाड जुळलंही. डॉक्टर म्हणतात, आता चाला, फिरा, चौकात जाऊन चहा प्या. दादा काठी टेकत न्हाणीपर्यंत जातो आणि परत पुढच्या खोलीत येऊन पलंगावर बसतो. घराबाहेर म्हणून पाऊल नाही. पूर्वी हा माणूस घरात सापडायचा नाही. शहागडच्या हायवेवर कुठल्याही टपरीवर विचारलं तर "आत्ताच गेला की" असं उत्तर मिळायचं. आता दारावरून कोणी हाक मारली तर तो झोपेचं सोंग घेतो. मी रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी. आमची आई, द्वारकाबाई, रडणाऱ्यातली नाही. पण त्याचं जेवण होईपर्यंत ती ताटाशेजारून उठत नाही, आणि तिचं ते बसणं मला रडण्यापेक्षा जास्त लागतं.

जुना दादा फक्त गेममध्ये भेटायचा. हेडफोन कानात घातला की आवाजच बदलायचा. "माऊली, डावी बाजू धर. सुयश, थांब, जल्दी करू नको." माऊली म्हणजे मी. सुयश हा दादाचा कॉलेजातला मित्र, जालन्यात विम्याच्या ऑफिसात असतो, बोलतो एकदम पुस्तकी. चौथा होता सोमेश्वर. आम्ही चौघं रँक चढत चढत इथवर आलो, की जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव दिलं. पहिला सामना ज्याने त्याने आपापल्या जागेवरून खेळायचा, आणि तो एकच जिंकला की शेवटच्या चारात. शेवटच्या चार टीमना मात्र जालन्याला बोलावलं होतं, एका मंगल कार्यालयात, स्टेजवर बसून खेळायला.

मी भीत भीत दादाला विचारलं, "गेलो शेवटच्या चारात, तर जायचं ना?"

त्याने फोनमधून मान वर केली नाही. "जिंकलो तर जाऊ की. कॅप्टन गेल्याबिगर कसं जमंल?"

मी तसाच आत जाऊन आईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे त्या एका सामन्यावर श्वास धरून होते. जिंकलो तर दादा घराबाहेर पडणार होता. हरलो तर त्याला बाहेर काढायला माझ्याजवळ दुसरं काहीही नव्हतं.

आणि नेमका सोमेश्वर गेला. चाकणला कंपनीत लागला, शिफ्ट अशी की खेळणं सोडा, झोपायची पंचाईत. तीन जणांची टीम स्पर्धेत चालत नाही. मी गावातल्या दोघातिघांना खेळवून पाहिलं. एक जण दादालाच मागून गोळ्या मारत होता आणि वर सॉरी म्हणत होता.

त्याच दिवसांत एकदा मी घरात खेळत होतो आणि राजनंदिनी शेजारी लसूण सोलत बसली होती. तिचं फोनकडे लक्षही नव्हतं. ती एकदम म्हणाली, "वरच्या मजल्यावर कुणीतरी चालून राह्यलं." मी म्हटलं, वर कोणी नाही. पुढच्या क्षणाला वरून गोळी आली आणि मी मेलो. ती पुन्हा लसूण सोलायला लागली. हिचे कान म्हणजे सोनं आहेत हे मला तेव्हा कळलं. गेममध्ये पावलांचा आवाज ज्याला ओळखता येतो त्याला भिंतीपलीकडचं दिसतं म्हटलं तरी चालेल. मी तिला तयार केलं. दादाला आईकरवी विचारलं. दादा म्हणाला, "खेळू दे म्हणावं. बघू."

आता ही "म्हणावं"ची भानगड. आमच्याकडे भावजय भायाशी बोलत नाही. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भांडण नसतं, मान असतो. तो समोर आला की पदर सावरायचा, आणि काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. "त्यांना म्हणावं, पाणी तापलंय." भाया दोन हातांवर उभा असतो, कान शाबूत असतात, तरी तो हलत नाही. तिसरा म्हणतो, "पाणी तापलंय," मग तो न्हाणीकडे जातो. तिसरं कोणी नसलं तर भिंत असते. आमच्या शेजारची गोजरबाई तर शेळीला सांगायची, "शेळे, म्हणावं भाकरी झाली." जालन्यासारख्या शहरात हे आता उरलं नाही. आमच्या घरी आहे. राजनंदिनी ह्या घरात आल्यापासून दादाशी एक शब्द बोलली नव्हती, आणि दादाही तिच्याशी.

तर पहिल्याच सरावात ती माईकवर म्हणाली, "अहो, त्यांना म्हणावं, जिन्यावर एक आहे."

दादाच्या कानात तेच हेडफोन, तोच आवाज. पण दादा गप्प. मग मी म्हणालो, "दादा, जिन्यावर एक." दादा गर्रकन वळला आणि त्याने तो टिपला.

सुयशला हसू आवरेना. "अरे, कल्याणला ऐकू येतंच आहे की. तू मधे टपालखातं कशाला चालवतोस?"

"तू खेळ," मी म्हणालो.

ह्या टपालाला एखाद-दुसरा सेकंद लागायचा. पण तिचे कान इतके पुढचे होते, की तो सेकंद आम्हाला परवडायचा. आम्ही जिंकायला लागलो. जेवताना दादा आईला म्हणाला, "कान बराबर हायेत म्हणावं तिचे." राजनंदिनी चुलीशी पाठमोरी होती. तिने भाकरी उलटली, आणि ती भाकरी जरा जास्तच टम्म फुगली असं मला वाटलं.

सामन्याच्या दोन दिवस आधी सुयशने स्पर्धेचे नियम ग्रुपवर टाकले. मी दुकानात होतो. हायवेच्या कडेला बियाणं-खताचं दुकान आहे, तिथे मी काम करतो. युरियाच्या थप्पीला टेकून मी नियम वाचत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. ह्या स्पर्धेत, मेलेल्याचा माईक बंद. एरवीच्या खेळात मेलेला माणूसही बोलू शकतो. मी मेलो तरी टपाल चालू राहायचं, आणि मी बऱ्यापैकी वेळा मरतो. इथे मेल्यावर मला सगळं दिसणार होतं, ऐकू येणार होतं, पण माझा आवाज जिवंत माणसांपर्यंत पोचणार नव्हता. आणि सुयश तर माझ्या आधी मरतो.

म्हणजे आम्ही दोघं मेलो की पाठीमागे राहणार दादा आणि राजनंदिनी, आणि मधे कोणी नाही.

घरी गेल्या गेल्या मी तिला गाठलं. "हे बघ, मी मेलो तर तू सरळ दादाला सांगायचं."

"मी?" तिने डोळे मोठे केले. "भायाला?"

"माईकवर. तोंडासमोर थोडंच आहे?"

"आवाज तर माझाच जाईल ना? आत्याबाई शेजारी बसून ऐकत असतेत. उद्या माहेरी कळलं तर माय म्हणंल, वर्ष झालं न्हाई अन् भायाला आवाज द्यायला लागली."

"आईला मी सांगतो."

"अन् त्यांना?" तिने पुढच्या खोलीकडे हनुवटी केली. "त्यांना आवडंल का पण? आधीच ते कुणाशी बोलत न्हाईत. मी काहीतरी वंगाळ केलं अन् ते उठून गेले तर?"

तिलाही तीच धास्ती होती तर. मला उगाच तिचा राग आला आणि उगाचच मायाही आली. पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "बिलकुलच वेळ आली तर बोलते. पण तुम्ही मरू नका."

दादाशी ह्याबद्दल बोलायची माझी छाती झाली नाही. काय बोलणार? की भावजयीचं ऐकत जा म्हणून? थोरल्या भावाला? तो फोन खाली ठेवून भिंतीकडे तोंड करेल ही भीती मला दिवसभर कुरतडत असायची, त्यात आणखी ही भर कशाला. मी सगळे उपदेश तिलाच केले. नव्या माणसाला उपदेश करणं सोपं असतं, ते बिचारं ऐकून घेतं.

शेवटी मी ठरवलं, की मरायचंच नाही. गोळ्या दादा मारेल, ऐकायचं काम ती करेल, माझं काम जिवंत राहणं आणि निरोप देणं.

रविवारी दुपारी सामना. घरच्या वायफायवर तीन फोन लावले की गेम अडकत चालतो, म्हणून मी दुकानात जाऊन बसलो. शटर अर्धं खाली ओढलं, पंख्याखाली पोत्यावर बैठक मारली. दादा पुढच्या खोलीत, राजनंदिनी मागे स्वयंपाकघरात, तिच्याजवळ आई. सुयश जालन्याला. माझ्या तळहातांना इतका घाम की फोनवर बोट सरकेना. मी हातांना जरा खडूची पावडर लावली, हिशोबाच्या फळ्याची असते ती.

पाच डाव जो आधी जिंकेल तो पुढे. समोरची टीम अंबडकडची होती आणि त्यांच्यात एक तरी माणूस पोटापाण्याचा उद्योग सोडून हेच करत असणार. पहिले दोन डाव त्यांनी असे घेतले की मला पाणी प्यावंसं वाटलं. मग दादा तापला. "माऊली, तू पुढं जाऊ नको. मागंच राह्य." मी तर मागेच होतो. राजनंदिनी सांगत होती, मी पोचवत होतो, दादा टिपत होता. "त्यांना म्हणावं, गोदामात दोन." "दादा, गोदामात दोन." "त्यांना म्हणावं, एक खाली उतरला." "दादा, एक उतरला." बरोबरी झाली. आम्ही पुढे गेलो. ते पुढे गेले. पुन्हा बरोबरी. आता शेवटचा डाव.

आणि शटरखालून एक डोकं आत आलं. श्रीपतीमामा, पलीकडच्या वस्तीवरचे. "माऊली, तुडतुड्याचं औषध पाह्यजे."

मी एक हात वर केला.

"जल्दी दे बाबा. पंप भरून ठेवलाय."

मी मान हलवली. ते आत येऊन माझ्या डोक्यावर उभे राहिले आणि फोनमध्ये बघायला लागले. "काय चाल्लंय? मारामारी?"

शेवटच्या डावाचं ठिकाण म्हणजे एक पडका कारखाना. खाली मोठं अंगण, वर कठडा, मागे लोखंडी जिना. सुयश अंगणात उतरला आणि उतरताच मेला. त्याचं नाव करडं झालं. आता मी मरायचं नव्हतं. काहीही झालं तरी मरायचं नव्हतं. दादाने कठड्यावरून एक पाडला. मी खांबाआडून डोकावलो, समोर एक होता, गोळी घातली, तो पडला! मी स्वतःच थक्क. दोन विरुद्ध तीन. आणि तेवढ्यात मला वाटलं, त्याच्या मागून दुसराही येत असेल, बघावं. मी त्याच खांबाआडून, त्याच बाजूने, पुन्हा डोकावलो.

मी सुरुवातीला सांगितलंच आहे. समोरचा तिथेच बंदूक रोखून बसलेला असतो.

"मेला का तू?" श्रीपतीमामांनी विचारलं.

माझा माईक बंद झाला. स्क्रीनवर आता दादाचा खेळ दिसत होता, त्याच्या डोळ्यांनी. कठडा, समोर अंगण, मधोमध त्याच्या नेमाचं बारीक चिन्ह. समोरचे दोन, आमचे दोन. मी दुकानात मोठ्याने ओरडलो, "सांग! सरळ सांग!" श्रीपतीमामा दचकून मागे सरले. पण तो आवाज दुकानातच राहिला.

माईकवर राजनंदिनी म्हणाली, "अहो, त्यांना म्हणावं—" आणि थांबली. माझं करडं नाव तिला दिसलं असणार.

फक्त तिचा श्वास. पलीकडे आईच्या बांगड्या वाजल्या. दादा समोर अंगणावर नेम धरून होता.

मग ती म्हणाली, कोणालाच नाही असं, हवेत सोडल्यासारखं, "मागच्या जिन्यावर एक आहे."

आणि मी बघितलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दादाचा नेम हलला. समोरून सुटून तो मागे वळायला लागला, भिंतीपर्यंत आला, जिन्याच्या दाराच्या अगदी जवळ. आणि थांबला. आणि सावकाश परत समोर गेला.

त्याला ऐकू आलं होतं. प्रत्येक वेळी येत होतं. तो तिसऱ्याची वाट बघत होता, आणि तिसरा इथे खताच्या पोत्यावर मरून पडला होता.

"भाया, मागं!" राजनंदिनी ओरडली. अशी ओरडली की माझे कान बधिर झाले. त्याच क्षणाला गोळ्यांचा आवाज आला आणि दादाची स्क्रीन लाल झाली.

राहिली ती एकटी. तिने जिन्यावरच्याला मारलं, नवीन असून मारलं. पण दुसऱ्याने तिला अंगणातून टिपलं. सामना संपला.

सगळ्यांचे माईक पुन्हा उघडले. सुयश म्हणाला, "जाऊ दे रे, चांगलं खेळलो आपण. वहिनी, तुम्ही तर फारच..." आणि पुढचं तो गिळून बसला. दादाच्या नावासमोरचा हिरवा ठिपका विझला. त्यामागोमाग राजनंदिनीचाही. मी दादाला फोन लावला, उचलला नाही. तिला लावला, नुसता वाजत राहिला. आईला लावला. आईचा फोन नेहमीप्रमाणे बंद.

"झालं का?" श्रीपतीमामा म्हणाले. "मंग दे औषध."

मी औषध काढलं. चुकीची बाटली काढली, ती ठेवली, दुसरी काढली. त्यांनी विचारलं एका पंपाला किती टाकू. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मला त्या माणसाला शटरखालून ढकलून द्यावंसं वाटत होतं. ते गेल्यावर मी शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

रस्ताभर मी मनात दादाशी भांडत होतो. अरे, ऐकू आलं होतं ना तुला? मग कसला मान, कोणाचा मान? तिने तिची लाज सोडली, तुला साधी मान वळवता आली नाही? आणि भांडता भांडता मला दिसत होतं, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे, आता कोणी काही विचारलं तरी तो त्या भिंतीशीच बोलणार, आणि ही पोरगी आयुष्यभर समजणार की तिच्यामुळे झालं. उसाच्या गाड्यांमागे अडकून मी हॉर्न वाजवत राहिलो.

पुढचं दार उघडं होतं. पलंग रिकामा.

हेडफोन उशीवर पडला होता. चादर अर्धी खाली लोंबत होती. काठी नव्हती. न्हाणीत पाहिलं, नाही. आमच्या घरामागून पायवाट सरळ गोदावरीवर जाते. माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. मी "दादा!" म्हणून ओरडलो, आणि तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आई बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताने खाली बसायची खूण केली.

"ती फोन टाकून परसात गेली अन् रडत बसली," आई कुजबुजली. "तो आला मागून. काठी टेकत, भिंतीला धरत. मला वाटलं मला म्हणंल, तिला सांग, रडू नको म्हणावं. मी इथंच बसलेली की! माझ्याकडं बघितलं न्हाई रे त्यानं. सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राह्यला. म्हणला, मला ऐकू आल्तं."

मी आईच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. दादा धुण्याच्या दगडावर बसला होता, उन्हात, अनवाणी. इतक्या महिन्यांत मी त्याला उन्हात पाहिलं नव्हतं. किती पांढरा पडला होता तो. दुखरा पाय समोर लांब केलेला आणि तो पाय थरथरत होता. राजनंदिनी त्याच्यासमोर उभी होती. डोळे सुजलेले, पदर खांद्यावर.

"ऐकू आल्तं तर वळला का न्हाई?" ती विचारत होती. "अर्धे वळलात. मला पाय वाजलेले कळले तुमचे. अन् परत पुढं!"

"मला वाटलं, माऊली सांगंल."

"ते मेल्ते!"

"अगं, नवऱ्याला असं म्हणू नये," आई दारातून म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दादाने मान खाली घातली. "सवय," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं न्हाई. तू बराबर सांगितलं. दोनदा सांगितलं. तोंड माझं चुकलं, कान माझे चुकले." मग त्याने काठीच्या टोकाने मातीत एक चौकोन काढला. "हे अंगण. हा जिना. मी इथं. तू कुठं व्हतीस?"

तिने नाक ओढलं. वाकून मातीत बोट टेकवलं. "हितं."

"मंग तुला पाय वाजलेले कळल्यावर तू तिथंच का थांबली? इकडं यायचं."

"तुम्ही यायला सांगितलं का कधी? माझ्याशी बोललात का एकदा तरी?"

त्याने ती रेघ पुसली आणि पुन्हा काढली. त्याचा पाय आता जास्तच थरथरत होता. त्याला धरावं, आत न्यावं, काहीतरी करावं म्हणून मी न राहवून उठलो आणि पुढे झालो.

"दादा, ती काय म्हणते ना, की तू जर..."

"मला कळतंय ती काय म्हणते," दादा म्हणाला. त्याने वर बघितलंही नाही. "तू सरक जरा. जिन्यावर उभा हायेस."

मी खाली बघितलं आणि पाय उचलला.